झिपरूने केलेलं रसग्रहण

एका जंगलात, आता कुठल्या ते विचारू नका बाळांनो, तुमच्या क्लासच्या वाटेवरच ते लागतं, तर त्या जंगलात एक अस्वलाचं पिल्लू राहत होतं. त्याचं नाव झिपरू. त्याच्या आईचं नाव धुरपा. बाप होता, पण अस्वलांच्यात बाप मुलांच्या अभ्यासात लक्ष घालत नाहीत. तुमच्याकडे असं नसतं, मला माहीत आहे.

झिपरूला कवितेचं भारी वेड. कुठे एखादा पक्षी नवी कविता म्हणतोय असं कानावर आलं, की हा वारूळ अर्धवट उकरून तिकडे पळायचा. तोवर वाळवी पसार. धुरपा चिडायची, पण मनातून तिला कौतुक वाटायचं. आपलं लेकरू टेकडीवरच्या मोठ्या पाठशाळेत जाईल, असं ती सगळ्यांना सांगत सुटायची. त्या पाठशाळेत नुसतं साहित्य शिकवत. झिपरूलाही जगात दुसरं काही नको होतं.

पण टेकडीवर जायचं तर साहित्याची वरची परीक्षा द्यावी लागे, आणि त्यात पहिला येईल त्या एकालाच घेत. बाकीच्यांनी खाली राहून जन्मभर आपापली वारुळं उकरायची.

परीक्षा म्हटली की क्लास आलाच. क्लास तरसे सरांचा. सर जातीचे तरस. आयुष्यभर दुसऱ्याने मारलेलं खाल्लेलं, त्यामुळे साहित्य शिकवायला त्यांच्याइतकं लायक जंगलात कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी सरांनी मोहाच्या फुलावरची कविता घेतली. म्हणजे कविता नाही घेतली, तिचं उत्तर घेतलं. एकदा वाचून तरी दाखवा, असं एक ससा भीत भीत म्हणाला. सरांनी त्याला विचारलं की परीक्षेत वाचायला सांगतात का लिहायला. सशाने पान पुढे ओढलं आणि उत्तर उतरवून घेतलं.

मग सराव परीक्षा झाली. मोहाच्या कवितेचं रसग्रहण करा. झिपरू हरखला. अस्वलाला मोहाबद्दल विचारताय म्हणजे काय! त्याने पळसाच्या पानावर नखाने भराभरा कोरलं. मोहाचं फूल पहाटे पडतं. हरणांच्या आधी पोचावं लागतं. पोटभर खाल्लं की एका झाडाची दोन झाडं दिसतात आणि दोन्ही आपलीच वाटतात. कवितेतही तस्संच आहे, वाचताना माझं तोंड गोड झालं.

त्याला दहापैकी दीड गुण मिळाला. अर्धा अक्षराचा आणि एक आईकडे बघून.

"मोहाचं फूल म्हणजे काय?" सरांनी त्याला उभं करून विचारलं.

"मोहाचं फूल," झिपरू म्हणाला.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. तरस हसलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"मोहाचं फूल म्हणजे क्षणभंगुर जीवनाचं प्रतीक," सर म्हणाले. "फूल म्हणजे फूल, असं लिहून आजवर कोणी टेकडीवर गेलेलं नाही."

मग त्यांनी खरी गोम सांगितली. पेपर तपासायचे घुबडराव, आणि तेही दिवसा. दिवसा त्यांना दिसत नसे. रात्री दिसत असे, पण रात्री त्यांना स्वतःची कामं असत. म्हणून महत्त्वाच्या शब्दांखाली खोल रेघ ओढायची. घुबडराव पानावरून पंजा फिरवत, रेघ लागली की तेवढाच शब्द चाचपून बघत आणि गुण देत. 'क्षणभंगुर' सापडला, गुण. 'प्रतीक' सापडला, गुण. मधे काय लिहिलंय याचा त्यांनी कुणाला कधी त्रास दिला नाही.

न वाचलेली कविता आली तर काय करायचं, असं झिपरूने विचारलं. सर म्हणाले, ती तशीच ठेवायची. फुलाच्या जागी तिच्यातली वस्तू घालायची आणि हेच उत्तर लिहायचं.

झिपरू घरी आला आणि मला क्लासला जायचं नाही म्हणून रडला. धुरपा रागावली नाही. टेकडीवर गेलास की हवं तसं वाच, तोवर सर सांगतात तसं लिही, असं तिने समजावलं. मला वाचता येत नाही रे, नाहीतर मीच शिकवलं असतं, असंही म्हणाली. ते ऐकून झिपरूने डोळे पुसले आणि पाठांतराला बसला.

पुढे मोह फुलला. ऐन परीक्षेच्या तोंडावर फुलायची त्याची खोडच आहे. सगळं रान घमघमलं. झिपरू नाकपुड्या मिटून मोहाचं उत्तर घोकत राहिला.

परीक्षेला न वाचलेली कविताच आली. झिपरूने ती वाचली. काय करणार, जुनी सवय. कविता एका अस्वलिणीची होती. पिल्लाला पाठीवर घेऊन ती ओढा ओलांडते. पिल्लू मोठं होतं, जड होतं, तरी ती त्याला खाली उतरवत नाही. एक दिवस ते आपणच उतरून निघून जातं. त्यानंतरही ती ओढ्यात शिरताना पाठ वाकवून उभी राहते, जरा वेळ वाट बघते.

झिपरूच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने पान ओढलं आणि लिहिलं, 'ही माझी आई आहे.'

आजूबाजूला सगळ्यांची नखं करकर चालली होती. झिपरूला टेकडी आठवली. त्याने पान उलटलं आणि मागच्या बाजूला नव्याने सुरुवात केली. 'आईची पाठ हे क्षणभंगुर जीवनाचे प्रतीक आहे.' रेघ त्याने चांगली खोल ओढली. पुढचं सगळं हाताने आपोआप लिहिलं.

झिपरू पहिला आला. उमेदवाराची समज फार खोल आहे, असा शेरा घुबडरावांनी दिला. तरसे सर हसले, ते तीन डोंगरांपलीकडे ऐकू गेलं.

धुरपाला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. झिपरू निघायच्या दिवशी ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"परीक्षेत अस्वलिणीवर कविता होती म्हणे," ती लाजत म्हणाली. "त्या सशाची आई ससुली सांगत होती. मला सांग ना, काय होतं तिच्यात?"

झिपरू उभा राहिला. त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आतून आलं, "प्रस्तुत कवितेत कवीने आईची पाठ या प्रतीकातून जीवनाची क्षणभंगुरता..." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच आलं. वाचताना आपण रडलो होतो एवढं त्याला आठवलं. कशासाठी रडलो, ते काही केल्या आठवेना.

धुरपाने मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "खूप शिकलास. मला आपलं वाटलं होतं, आपल्यासारख्यांचं काहीतरी असेल त्यात."

झिपरूला फार वाईट वाटलं. पण का वाईट वाटलं, ते त्याला मुद्देसूद सांगता आलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, पेपर लिहिताना कविता वाचून डोळ्यांत पाणी आलं तर घाबरून जाऊ नये. डोळे पुसावेत, पान उलटावं आणि पाठ केलेलं उत्तर लिहायला घ्यावं. रडण्याला गुण नसतात. शिवाय पान भिजलं, तर रेघ नीट उमटत नाही.