उमेदवारीचं वय

आमच्या पक्षात उमेदवार ज्या प्रभागात प्रचाराला जातो, तिथल्या मतदारांचं जे सरासरी वय असेल, त्या वयाचा होतो. पक्षाच्या घटनेच्या सातव्या कलमात तशी तरतूद आहे आणि सावळघाटात ती पंचेचाळीस वर्षं बिनतक्रार चालू आहे. उमेदवाराने मतदारांना खोटी आश्वासनं देऊ नयेत, हा तिचा हेतू. वय आलं की त्या वयाची मतं आपोआप येतात, खोटं बोलायची गरज उरत नाही.

गावात दुसरा पक्ष नाही. त्यामुळे ज्याला आमची उमेदवारी मिळते तोच नगराध्यक्ष होतो, आणि उमेदवारी जाहीर होताना त्याचं जे वय असेल ते पुढची पाच वर्षं तसंच राहतं. हरणाऱ्याला त्याचं मूळ वय त्याच दिवशी परत मिळतं.

मी कॅनडात हॅलिफॅक्सला चार वर्षं निवडणूक पद्धतींचा अभ्यास करून परत आले, त्याच महिन्यात शैलजा बोडखे यांनी अर्ज भरला. त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम करायच्या. आधी ते काम त्यांच्या वडिलांकडे होतं. पाच वर्षांपूर्वी वडील गेले आणि व्हॉल्व्हची ती कमरेएवढी लोखंडी चावी शैलजाताईंकडे आली. वीटभट्टी प्रभागाचा व्हॉल्व्ह त्या रोज दुपारी दोनला उघडायच्या. टाकी वीटभट्टीच्या डोक्यावरच आहे, पण तिथल्या नळाला सगळ्यात शेवटी पाणी. बायका सहाला भट्टीवर जातात, दुपारी पाण्यासाठी धावत परत येतात आणि तेवढी मजुरी बुडते. पाच वर्षं ते पाहून शैलजाताईंनी राजीनामा दिला. त्यांची मागणी एकच होती : वीटभट्टीला पहाटे पाचला पाणी. मी त्यांच्या प्रचाराचं काम घेतलं.

मी पक्षाचे चिटणीस खांबेटेकाका यांच्याकडे गेले. मतदानाच्या क्रमाने निकाल कसा बदलतो यावर मी दोनशे पानं लिहिली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

"बांधणी छान आहे," खांबेटेकाका म्हणाले.

"काका, वीटभट्टीचं मतदान शेवटी का असतं?"

"पाणी शेवटी येतं म्हणून. ज्या प्रभागाला आधी पाणी, त्याचं मतदान आधी. लोकांची आंघोळ झालेली असली पाहिजे."

"मग पाण्याचा क्रम बदला."

"तो नगराध्यक्ष बदलतो."

"आणि वीटभट्टीचा माणूस नगराध्यक्ष कसा होणार?"

"क्रमाने," काका म्हणाले आणि मला चहा दिला.

क्रम असा होता. पेन्शनर कॉलनी, सरासरी वय सदुसष्ट, चाळीस प्रतिनिधी. तिथे सगळे मत देतात म्हणून एवढे. मग बाजारपेठ, वय एकोणपन्नास, अठ्ठावीस प्रतिनिधी. मग कॉलेज रोड, वय वीस, प्रतिनिधी चौदा. शेवटी वीटभट्टी, वय एकोणतीस. तिथल्या निम्म्या लोकांची नावं यादीत नाहीत, म्हणून प्रतिनिधी आठ. प्रभाग जिंकणाऱ्याला तिथले सगळे प्रतिनिधी मिळतात, आणि शेहेचाळीस झाले की मतदान थांबतं. जो कॉलनी जिंकतो तो बाजारही जिंकतो, कारण बाजाराला जिंकणारा माणूस आवडतो. म्हणून आजवर मतदान बाजाराच्या पुढे गेलेलं नाही, आणि म्हणूनच सभागृहातले सगळे माजी नगराध्यक्ष फोटोत एकोणपन्नास वर्षांचे आहेत.

शैलजाताईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी कॉलनी जिंकली पाहिजे आणि बाजार हरला पाहिजे. तरच गाडी भट्टीपर्यंत जाईल."

"चाळीस आणि आठ, अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. मला तो हिशोब फार सुंदर वाटला.

"बाजारात मी काहीही म्हटलं तरी मला पाडायचं. माझं ऐकायचं नाही. कबूल?"

"कबूल."

त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि माझ्याकडे दिली. वरच्या बाजूला एकच ओळ होती : वीटभट्टीला पहाटे पाचला पाणी. "ही प्रत्येक प्रभागात मला वाचून दाखव. मागची बाजू फक्त भट्टीत. तीही तू नाही, मी वाचेन."

विरोधात दिगंबर पाठारे होते, वय अठ्ठावन्न. कॉलनीत जाऊन त्यांना नऊच वर्षं वाढवावी लागली. त्यांची ती तिसरी खेप होती. शैलजाताईंना एकतीस वर्षं एका सकाळीत घ्यावी लागली. कॉलनीच्या फाटकातून आत गेल्यावर त्यांनी आधी गुडघा धरला आणि मग माझा खांदा.

त्यांच्या आई सहासष्ट वर्षांच्या. दुपारी त्या डबा घेऊन आल्या, लेकीकडे पाहून दारातच थबकल्या आणि त्यांनी पदर सावरला. "अहो, पान वाढलंय," त्या म्हणाल्या.

"बसा ना तुम्हीही," शैलजाताई म्हणाल्या. दोघी बराच वेळ साखरेच्या गोळ्यांविषयी बोलल्या.

वय वाढलं तर आठवणी जात नाहीत, फक्त त्यांच्यातली घाई जाते. संध्याकाळी मी चिठ्ठी वाचून दाखवली.

"विचार चांगला आहे," शैलजाताई म्हणाल्या. "पण पहाटे पाचला त्या बिचाऱ्यांना कशाला उठवायचं? आम्हाला कशीही झोप येत नाही. पाचचं पाणी आम्हालाच बरं." त्या अगदी मनापासून बोलत होत्या. कॉलनीला ते पटलं. पाठारेंचा तिथे कंटाळा आला होता. चाळीस प्रतिनिधी शैलजाताईंना मिळाले.

बाजारपेठेत त्या एकोणपन्नास वर्षांच्या झाल्या. गुडघा सुटला, पाठ ताठ झाली, बोलण्यात वजन आलं. चिठ्ठी ऐकून म्हणाल्या, "बघू. निविदा काढावी लागेल. त्याआधी पार्किंगचं बघू या."

मी ठरल्याप्रमाणे दुकानादुकानांतून पत्रकं वाटली. शैलजाताई आल्या तर बाजाराचं पाणी दोन तास उशिरा येईल, एवढंच त्यात लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. भांड्यांच्या दुकानासमोर त्यांनी मला गाठलं.

"मुक्ता, तुला मी घरची समजत होते."

"ताई, तुम्हीच सांगितलं होतं."

"ती छत्तीसची होती. छत्तिसाव्या वर्षी माणसाला काय कळतं?"

"तुमच्याच हातची चिठ्ठी आहे."

"तुम्ही पोरं बाहेरून शिकून येता आणि आम्हाला आमचाच कागद दाखवता," त्या म्हणाल्या. दुकानदार हसला. "आज मी जिंकले तर पाच वर्षांत हळूहळू सगळं करता येईल. भट्टीचंही. हळूहळू. अडवू नकोस मला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. कलमामुळे बोलूच शकत नव्हत्या. मी पत्रकं तिथेच ठेवून परत फिरावं असं मला क्षणभर वाटलं. मग मी पुढच्या दुकानात गेले. अकरा मतांनी त्या हरल्या. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मतदान बाजाराच्या पुढे गेलं.

कॉलेज रोडवर अडचण होती, पण ती नियमातच बसणारी होती. तिथे उमेदवार वीस वर्षांचा होतो आणि उमेदवार पंचवीस वर्षांचा असला पाहिजे, असं चौथं कलम सांगतं. त्यामुळे दोघांचीही उमेदवारी तिथे असेपर्यंत स्थगित झाली. मुलांनी रांग लावून मतं दिली. खांबेटेकाकांनी पेट्या सील करून कपाटात ठेवल्या.

"या मोजणार कधी?" मी विचारलं.

"उमेदवार वयात आले की."

वय घटलं तर मधली वर्षं जातात. वीस वर्षांच्या शैलजाने मला ओळखलं नाही. मी सव्वीसची, म्हणून ती मला ताई म्हणाली. चिठ्ठी ऐकून तिने विचारलं, "पाचलाच का? चोवीस तास का नाही?" मग तिने माझ्या पिशवीवरचं विद्यापीठाचं नाव वाचलं.

"हे कुठे आहे?"

"हॅलिफॅक्स. फार लांब."

"मला पण जायचंय कुठेतरी. बाबा म्हणतात, जा. ते पाण्याचं काम करतात, सुट्टी मिळत नाही त्यांना, नाहीतर सोडायला आले असते. तिथे मुलींना राहायला मिळतं?"

एसटी स्टँड कॉलेज रोडवरच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथल्या वेळापत्रकासमोर उभी असलेली मला दिसली. मी तिच्याशेजारी उभी राहिले. साडेनऊची पुण्याची गाडी लागली, भरली आणि गेली. "आईला न सांगता कशी जाऊ," ती म्हणाली. दहाला प्रचाराची जीप आली आणि आम्ही वीटभट्टीकडे निघालो.

वीटभट्टीत कोणी आमची वाट पाहत नव्हतं. कौसाबाई नावाच्या बाईंनी जीप अडवून विचारलं, "रस्ता चुकलात का? बाजार मागं राहिला."

"मतदान आहे, मावशी."

"हितं?" त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. "आता गं बाई. मग आंघोळ करून येऊ का तशीच चालंल?"

"पाणी कधी येतं?"

"दोनला."

मतदान तीनला ठेवण्यात आलं.

पाठारे एकोणतीस वर्षांचे झाले आणि त्यांना आपण राजकारणात आल्याचंच आठवेना. भट्टीमागच्या मैदानात पोरं व्हॉलीबॉल खेळत होती, तिकडे ते गेले आणि निकालापर्यंत परतले नाहीत. खेळत चांगलं होते.

शैलजाताईंनाही अर्ज भरल्याचं आठवत नव्हतं. जीपमधून उतरून त्या टाकीकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाबा वर आहेत का? मला त्यांना विचारायचंय, इथे दुपारी दोनला पाणी सोडण्यात काय अर्थ आहे. या बायका कामावर जातात हे त्यांना दिसत नाही का?"

वडील गेले तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. माझ्या दोनशे पानांत याविषयी काही नव्हतं.

मी चिठ्ठी काढली. वरची ओळ वाचून दाखवली. "बरोबर आहे," त्या लगेच म्हणाल्या. "पाचला. उद्यापासून." त्यांनी ते कौसाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. कौसाबाई म्हणाल्या, "बोललीस त्येच लई झालं," आणि रांगेत उभ्या राहिल्या. आठही प्रतिनिधी शैलजाताईंना मिळाले. सव्वापाचला खांबेटेकाकांनी उमेदवारी जाहीर केली आणि रजिस्टरमध्ये वयाच्या रकान्यात एकोणतीस लिहिलं. मैदानावर पाठारेंनी अचानक खांदा धरला.

शैलजाताईंनी माझ्या हातातून चिठ्ठी घेतली आणि उलटी केली. अक्षर त्यांचंच होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं.

भट्टीचा व्हॉल्व्ह गिरणीच्या मागे, फरशीखाली. आठ फेरे उघडायचा, मग एक परत फिरवायचा. पूर्ण उघडलास तर बाजाराच्या नळाला नुसती हवा येते. चावी तुझ्याचकडे आहे, जिन्याखाली. बाबा नाहीत. आईला विचारू नकोस.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चिठ्ठीची पहिल्यासारखीच घडी घातली आणि कमरेला खोचली. "गिरणी अजून तिथेच आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

घरी आईंनी दार उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. शैलजाताईंनी जिन्याखालची चावी काढली. आईंना काही विचारलं नाही.

पदभार घेतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वीटभट्टीला पाणी आलं. आठ फेरे, मग एक परत. पेन्शनर कॉलनीचं पाणी पाचावरून सातवर गेलं. त्यांचं शिष्टमंडळ खांबेटेकाकांकडे आलं आणि पुढच्या वेळी आपलं मतदान कधी होणार, असं विचारू लागलं.

"क्रमाने," काका म्हणाले आणि त्यांना चहा दिला. पुढच्या वेळी मतदान वीटभट्टीतून सुरू होईल. कौसाबाईंनी यादीत नावं घालायला सुरुवात केली आहे. पाठारे रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात.

महिन्याने सभागृहात फोटो लागला. एकोणपन्नास वर्षांच्या नऊ पुरुषांच्या शेवटी एकोणतीस वर्षांच्या शैलजाताई. त्यांच्या आईंना मी घेऊन गेले होते. त्या चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही आमच्या ह्यांनी पाहिलेली आहे," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही घरी आलो.