वेळ उरल्यास

ज्याला दोन कला येतात त्याला समाज दोनदा ओळखू शकतो. म्हणून ओळखण्याची घाई कोणालाच नसते. आर्वीच्या रूपरावांना पेंटर मंडळी आदराने 'कवी' म्हणत आणि कवी मंडळी तितक्याच आदराने 'पेंटर'.

तालुका काव्यमंडळाच्या संमेलनाचा पडदा अकरा वर्षं तेच रंगवत. जग फ्लेक्सवर गेलं, मंडळाने परंपरा सोडली नाही (फ्लेक्सवाला फुकटात परंपरा जपत नाही). पडद्यावर सगळ्या कवींची नावं रूपराव वळणदार अक्षरांत काढत आणि शेवटी, सांगितल्याप्रमाणे, 'वेळ उरल्यास : रूपराव पेंटर' असंही काढत. अकरा वर्षांत चारशे बारा कविता झाल्या, दोनशे सहा शाली दिल्या गेल्या. वेळ एकदाही उरला नाही.

यंदा रूपरावांनी ब्रशच उचलला नाही.

"कविता म्हनू द्यान तरच पडदा," ते अध्यक्ष भैय्याजींना म्हणाले. "माय गेली उन्हाळ्यात. तिच्यावर हाये."

"तुमाले नाई कोन म्हनते, रूपरावजी?" भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी तातडीची बैठक बोलावली. ठराव एकमताने झाला : 'अपवादात्मक बाब म्हणून पेंटरांची कविता प्रमुख पाहुणे येण्यापूर्वी घ्यावी. तेवढ्यात माइकही तपासून होईल.'

रूपरावांनी चार रात्री खपून पडदा रंगवला. संमेलनाच्या सकाळी धुतलेला सदरा घालून ते उभे राहिले. समोर सतरा माणसं होती; पैकी नऊ जण खुर्च्या लावत होते. तिसऱ्या कडव्याला रूपरावांचा आवाज भरून आला. माइकवाल्याने वायर हलवून पाहिली. शेवटच्या ओळीला टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली होती.

"एक नंबर," भैय्याजींनी जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पडद्याचा निळा लय खुलला."

घरी विमलाबाई जेवायच्या थांबल्या होत्या. नवऱ्याचं पान वाढून त्यांनी विचारलं, "आयकली का लोकाईनं?"

"पाह्यली," रूपराव म्हणाले आणि जेवायला बसले.

मंडळाच्या अहवालात या कवितेची नोंद 'ध्वनिव्यवस्था समाधानकारक' अशी आहे. त्यावर सुजाण वाचकाला संताप येणं स्वाभाविक आहे, आणि तो आलाही असेल. फक्त त्या माउलीवरच्या कवितेची एकही ओळ इथे आलेली नाही, हे काही तुम्हाला अजून खटकलेलं दिसत नाही.