बिनखोडीची मोटार

जुनी मोटार घेताना फसलेल्या माणसाची मला कधीच दया आली नाही. फसतो तो अडाणी! मी बी. ए., एलएल. बी. मालविक्रीचा कायदा मला तोंडपाठ. विकणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते, घेणाऱ्याचा हक्क कुठे सुरू होतो, उघड दोष कशाला म्हणायचं आणि गुप्त दोष कशाला, हे मी झोपेतही सांगतो. (राजमती म्हणते, झोपेतच सांगतो. पण ती माझी पत्नी आहे. तिची साक्ष मी धरत नाही.)

लढाई नुकतीच संपली होती. पलटणीतून माणसं परत येत होती आणि त्यांच्यामागून मोटारी. म्हसवडचा लालासाहेब हवालदार अशीच एक मोटार घेऊन आला होता आणि माधवनगरजवळच्या बैलबाजारात ती विकायला उभा होता. बैलबाजारात अशासाठी, की त्याच्या बापानं, आजानं जे काही विकलं ते बैलबाजारातच विकलं होतं. मोटार लिंबाखाली उभी होती, आणि पुढच्या लोखंडी दांड्याला दावं बांधून तिला खुंट्याशी जखडलेलं होतं! शेजारी एक खिलारी खोंड तिच्याकडे संशयानं बघत रवंथ करत होता. मोटार कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीचा यात काही दोष नाही.

"रामराम वकीलसायेब!" लालासाहेबानं सलाम ठोकला. "बाजाराचा रिवाज तुमास्नी ठावं हाय. जनावराची खोड असंल ती आधी सांगायची. न सांगितलेली खोड निघाली, तर जनावर परत घ्यायचं. तर हिची एक खोड हाय..."

"थांबा!" मी हात वर केला. भोवती माणसं जमली होती आणि माणसं जमली की माझा हात आपोआप वर जातो. "एक अक्षर बोलू नका! बैलबाजाराचा रिवाज मोटारीला लागत नाही. इथं कायदा लागतो. मी स्वतः तपासून घेणार."

"तसं न्हवं सायेब, एवढंच सांगत हुतो की ही..."

"हवालदार! हाल्ट!"

पलटणीतला माणूस. हाल्ट म्हटल्यावर जागच्या जागी थांबला.

मग मी मोटार तपासली. चाकांवर लाथा मारल्या. दारं उघडून लावली. पुढचं झाकण उचलून आत बराच वेळ गंभीरपणे पाहिलं; आत इंजिन होतं. शेवटी खाली वाकून पोटाकडून पाहिलं आणि उठून जाहीर केलं, "मी पाहिली. मला पसंत आहे!"

लोकांनी माना डोलावल्या. खोंडानं डोलावली नाही.

थोडे रोख आणि बाकीच्या ऐवजी राजमतीच्या सोन्याच्या पाटल्या, असा सौदा झाला. पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या. "दिवाळीला महावीर येणार आहे," ती म्हणाली होती. महावीर म्हणजे तिचा थोरला भाऊ. कमी बोलतो, पण बघतो फार. मी म्हटलं, "अगं, महावीरला आपण मोटारीतून फिरवू! तो हाताकडे बघेल का मोटारीकडे?"

दुसऱ्याच दिवशी मोटार कोर्टाच्या फाटकात बसली. मागे न्यायाधीशसाहेबांचा टांगा अडकला. मी इंजिन सुरू करायचा दांडा फिरवला, विनवण्या केल्या, दटावलं. ढिम्म! साहेबांना शेवटी कुंपणाच्या फटीतून आत जावं लागलं, आणि त्या दिवशी माझ्या तिन्ही अर्जांवर त्यांनी जो निकाल दिला त्याला कायद्यात आधार नव्हता. दुपारी मी नुसता हात लावला, तर मोटार सुरू! मग ती भाजीमंडईत बसली. मग एका अंत्ययात्रेच्या पुढे बसली. मयताचे नातेवाईक आधी मोटार ढकलत होते आणि मग रडत होते.

"परत करा," राजमती म्हणाली.

"अवश्य! गुप्त दोष आहे. कायद्यानं माझा हक्कच आहे. दावा लावतो."

पण दावा लावायचा कुठे? मी राहतो सांगली संस्थानात. सौदा झाला तो बाजार दुसऱ्या संस्थानात. विकणारा म्हसवडचा, म्हणजे सातारा जिल्हा, म्हणजे खुद्द इंग्रज सरकार! एका बसक्या मोटारीसाठी तीन राजवटींशी झुंज! शिवाय कायद्यात एक अडचणीचं वाक्य होतं, की घेणाऱ्यानं माल स्वतः तपासला असेल, तर दिसण्यासारख्या दोषाबद्दल त्यानं ओरडायचं नाही. मी पोटाखाली वाकलो होतो, हे अख्ख्या बाजारानं पाहिलं होतं.

"मग बैलबाजाराचा रिवाज धरा," राजमती म्हणाली. शेतकऱ्याची मुलगी!

मी कधी नव्हे ते ऐकलं. पुढच्या बाजारच्या दिवशी बैलजोडी भाड्यानं घेतली आणि मोटार ओढत निघालो. मी स्टेअरिंगवर, मागच्या सीटवर राजमती. तिच्या मांडीवर पाटल्यांची रिकामी लाकडी डबी होती. वाटेतल्या प्रत्येक माणसानं विचारलं, "वकीलसायेब, बैलं नवी घेतली व्हय?"

बाजाराचे पंच म्हणजे हरिबा. पिकलेल्या मिशांचा म्हातारा, बैलाच्या दातांवरून त्याचं वय आणि मालकाच्या दातांवरून त्याची नियत ओळखणारा. त्याच्यासमोर, बाजारातच सापडलेल्या लालासाहेबाला शेजारी उभं करून, मी माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम युक्तिवाद केला.

"पंच! मोटार हा बैलच आहे! बैल ओझं वाहतो, मोटार वाहते. बैलाला वैरण, मोटारीला पेट्रोल. बैल अडतो, ही तर त्याहून अडते. यांनी हिला इथं दाव्यानं बांधून विकली. तेव्हा हिला बैलाचाच रिवाज लागतो!"

"त्या दिशी तर न्हाई म्हणालासा," लालासाहेब म्हणाला. "कायदा लागतो म्हणालासा!"

"माझा अभ्यास वाढला."

"आन् मी खोड सांगत हुतो, तवा हाल्ट कुनी म्हटलं?"

"सांगितली का? नाही! न सांगितलेली खोड निघाली, तर जनावर परत!"

हरिबा मिशा कुरवाळत बसला. मग त्यानं मोटारीभोवती एक चक्कर मारली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या दिव्यांत डोकावून पाहिलं.

"बैल हाय," तो म्हणाला.

बाजारात हर्ष झाला. राजमतीनं डबी उघडली.

"पन रिवाज पुरा पाळायचा," हरिबा पुढे म्हणाला. "परत द्यायचं जनावर आपल्या पायानं खुंट्याकडं आलं पायजे. वडून आनल्यालं घेत न्हाईत. उद्या मेल्यालं बी आनून टाकतील! तवा सोडा बैलं, आन् चालवा."

आता आली का पंचाईत! मोटार ढकलून सुरू करायला बाजारातले वीस-पंचवीस गडी धावले. "हां गड्यांनो, जोर लावा!" मोटार हलली, खोकली, शिंकली आणि गरजली! आणि काय सांगू! मला आवरेना. खुंटा मागे पडला, बाजाराला एक फेरा झाला, दुसरा झाला! म्हशी उधळल्या, धुळा धनगराच्या मेंढ्या पांगल्या, त्या खिलारी खोंडानं दावं तोडलं. तिसऱ्या फेऱ्याला मोटार खुंट्यापाशी येऊन अशी अलगद थांबली की नव्या नवरीनंसुद्धा इतका अदबशीर नमस्कार केला नसता!

हरिबानं कान खाजवला. "वकीलसायेब, ही तर पळती. खोड कुठाय?"

"आत्ता पळाली! पण एरवी..."

"एरवीचं कुनी बघितलंय? बिनखोडीचं जनावर परत हुईत न्हाई. सौदा कायम!"

राजमतीनं डबी बंद केली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि तेव्हा एक नवलच घडलं. लालासाहेब मोटारीजवळ आला आणि तिच्या टपावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "माज्याकडं ही कवाच अशी पळाली न्हाई. मालक बदलला की एकेकाची खोड जाती बगा." त्यानं कमरेच्या कनवटीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पाटल्या होत्या! "सायेब, मला ही परत द्या. ह्या घ्या तुमच्या. रोख बी देतो. लय जीव जडला हुता वो हिच्यावर!"

मागच्या सीटवरून राजमतीचा आवाज आला, "अहो, घ्या!"

आता कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे. परंतु भोवती सगळा बाजार उभा होता. इंजिन खाली मांजरासारखं घुरघुरत होतं. आणि ज्या माणसानं मला हरवलं, तोच आता हात पसरून उभा होता. माझा हात आपोआप वर गेला.

"हवालदार! कायद्यानं पुरा झालेला सौदा मोडत नाही! विकणाऱ्याला नंतर पश्चात्ताप झाला, तर त्याला कुठल्याच कलमात जागा नाही!"

आणि मी मोटार भरधाव सोडली.

रेल्वेच्या फाटकापर्यंत ती हरणासारखी धावली. बरोबर रुळांवर आली आणि बसली!

मी दांडा फिरवला. मोटार ढिम्म. दुरून शिट्टी ऐकू आली. फाटकवाला तांबडं निशाण घेऊन गाडीच्या दिशेनं पळत सुटला. राजमती शांतपणे उतरली, डबी घेतली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. नवऱ्याला हाक मारावी, असं तिला वाटलं नाही.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. लालासाहेब! भाड्याची जोडी मी बाजारातच विसरलो होतो, ती घेऊन तो आला होता. एका झटक्यात त्यानं दोर अडकवला, बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या, आणि मोटार कडाडत, कण्हत रुळांवरून खाली आली. निशाण पाहून हळू झालेली गाडी आमच्या अंगावर वाफ सोडून निघून गेली. डब्यांतून लोकांनी हात हलवले.

धाप ओसरल्यावर मी विचारलं, "हवालदार, ती खोड कोणती होती हो?"

"तापली की बसती. जरा निवली की पुन्ना उठती. थोडं थोडं चालवायचं, एवढंच सांगत हुतो मी."

मी घसा साफ केला. "बरं, मघाशी तुम्ही जे म्हणत होता... सौदा मोडायचं... मी पुन्हा विचार केला..."

लालासाहेब मोटारीखाली वाकला, तिचं पोट पाहिलं आणि उठला. रुळांवरून ओढताना खालचं काहीतरी मोडून लोंबत होतं. त्यानं पुरचुंडी कनवटीला नीट खोचली.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "मी पाहिली."

दिवाळीला महावीर आला. पाट मांडले, ताट वाढलं. ओवाळताना त्यानं बहिणीच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. अंगणातल्या मोटारीकडे मुळीच पाहिलं नाही.

"राजू, पाटल्या कुठायत गं?"

राजमतीनं निरांजन खाली ठेवलं आणि अंगणाकडे बोट दाखवलं.

"त्या तिथं. आत मांजर व्यालीय, हळू जा."