देवीचा ऐन आणि धोंडबा गुरव

देवराईतून येताना कुत्रं हाकायला म्हणून मी एक वाळकी काटकी उचलली. कचेरीत कारकुनी करून चाळिशी उलटलेल्या माणसाच्या हातून गुन्हा होऊन होऊन एवढाच होतो. पण धोंडबा गुरव माझ्यामागून थेट घरापर्यंत आला.

"भाऊराव, देवीची वस्तू ती. जागेवर ठेवून या."

"अरे, काटकी आहे!"

"मंग ठेवायला जड नाय जायची."

मैलभर चालत मी ती परत नेऊन ठेवली. धोंडबाने ती वीतभर डावीकडे सरकवली. "हितं होती."

रत्नागिरीपासून दोन कोसांवरची ही आमची राई. तिथल्या पानालाही देवीच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि परवानगी मागायची ती धोंडबाने. एकदा एक गोरा साहेब बंदूक घेऊन शिकारीला शिरू लागला. धोंडबाने त्याला बूट काढायला लावले. अनवाणी साहेब दहा पावलांत काट्यांना शरण गेला.

त्या वर्षी देवळाची तुळई मोडली. नव्या तुळईसाठी राईतलं सर्वांत उंच ऐनाचं झाड तोडायचं गावाने ठरवलं. राहिला फक्त देवीचा कौल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी लावायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

सकाळपासून गाव बसलं. उजवी पडेना, डावीही पडेना. खोत जांभई देत म्हणाले, "धोंडबा, देवीला जरा मोठ्याने विचार."

"ऐकू येतं तिला. इचार चाललाय तिचा."

दुपार टळली, पोटात कावळे ओरडू लागले, तसा गावानेच निकाल लावला: देवीच्या मनात दिसत नाही. तुळई बाहेरून आणू.

सगळे पांगल्यावर मी नमस्काराला जवळ गेलो, तर पाकळ्यांखाली फणसाचा चीक!

"दोन्ही चिकटवल्यास?"

"मंग? नुसती उजवी चिकटवली तर देवीच्या तोंडी खोटं जातं." मग तो खाली बघत म्हणाला, "इचारायचं भ्या वाटलं, भाऊराव. ती हो म्हणाली असती तर? पोरगा अकरा वर्सं बोटीवर हाय. खाडीत शिरताना आधी हा ऐन दिसतो. तो नसला तर गाव वळखंल कसा?"

अकरा वर्षांत त्या पोराचं एकही पत्र आलेलं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "खरं आहे." देवीला गप्प बसवल्याचं प्रायश्चित्त म्हणून वर्षभर रात्री जेवायचं नाही, असंही धोंडबाने ठरवून टाकलं होतं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. नारळ खवता खवता ती म्हणाली, "चीक मीच काढून दिला होता. म्हणजे निम्मं पाप माझं. धोंडबाला सांगा, वर्षातल्या निम्म्या रात्री तरी इकडे जेवायला ये म्हणावं."