ऐनाच्या झाडावरची अंधारबंदी

एका जंगलात, मुलांनो, ऐनाचं एक झाड होतं. त्यावर रेशमी पतंगांची वस्ती होती. या पतंगांना खायला तोंडच नसतं; पानं कुरतडायची ती लहानपणी, अळी असताना. आयुष्य जेमतेम आठवड्याचं. तेवढ्यात लग्न करायचं, अंडी घालायची आणि मरायचं.

लग्नाची सोय मात्र छान होती. अंधार पडला की मुलीच्या डोक्यातून शेपटाकडे हुकूम सुटायचा. शेपटातून सुगंध निघायचा. तो वाऱ्यावर जायचा आणि लांबलांबची स्थळं सांगून यायची. लग्न लागलं की हुकूम आपोआप बंद.

सुगंध बंद झालेल्या बायकांनी एक सद्वर्तन समिती काढली. अध्यक्ष भुरीमावशी. त्यांनी पिंगीला बोलावून घेतलं. पिंगी त्याच दिवशी कोशातून बाहेर आली होती.

"आमच्या वेळी असले वास नव्हते," मावशी म्हणाल्या. त्यांची वेळ म्हणजे परवा.

"मी मुद्दाम नाही सोडत, मावशी. डोक्यातून हुकूम येतो."

"डोक्याला कोण सांगतं?"

"अंधार."

"मग अंधारच बंद करू."

ठराव एकमताने झाला. फांदीफांदीवर काजवे नेमले. संध्याकाळ झाली, पण अंधार पडेना. पिंगीच्या डोक्यातून काही सुटेना. शेजारच्या झाडावरचे मुलगे आले, मिशा फिरवून परत गेले. इथे कुणी लग्नाचं नाही असं त्यांना वाटलं. पिंगी समोरच बसली होती.

समितीने काजव्यांचा शाल देऊन सत्कार केला. मग भुरीमावशी वारल्या. मागोमाग सगळी समितीच वारली. त्यांचा आठवडा भरला होता.

पिंगी काजव्यांच्या मुकादमाकडे गेली.

"दादा, आता तरी विझवा. एकच संध्याकाळ. माझे दिवस संपत आलेत."

"विझवतो की. समितीला सांगायला सांग."

"समितीत कुणी उरलं नाही."

"मग नवी समिती कर."

"समितीत बसायला लग्न झालेलं लागतं."

"मग लग्न कर."

"त्याला अंधार लागतो, दादा."

मुकादमाला तिची खरोखर दया आली. परत जाताना तिला नीट दिसावं म्हणून त्याने एक काजवा सोबत दिला.

पिंगी गेली. अंडी पोटातच राहिली. मला तिचं फार वाईट वाटतं. पुढे भुरीमावशींच्या लेकीही त्याच उजेडात तशाच गेल्या. आता त्या ऐनाचं एकही पान कुरतडलेलं नसतं. काजवे अजून ड्यूटीवर आहेत.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. ते वारल्यावर तर जास्तच ऐकावं, कारण तेव्हा त्यांचं मत बदलायची भीती नसते.