परकर नावाचे वाहन

आमच्या शहरात सांबा नाचाच्या मिरवणुका रस्त्यावरून निघत आणि वाहतुकीचा खोळंबा होई, ही बाब गंभीर होती. म्हणून महापालिकेने मिरवणुकांसाठी खास सांबाड्रोम बांधले. दोन्ही बाजूंना प्रेक्षकांचे सज्जे, मध्ये सरळसोट मार्ग आणि प्रवेशाला एकेक माणूस जाईल एवढे फिरते फाटक.

रंगीत तालमीला त्या फाटकात दोना जुरेमा अडकल्या. घेरदार परकरात गिरक्या घेत जाणाऱ्या आमच्या मंडळातल्या वयस्क बायांच्या, म्हणजे बायानांच्या, त्या म्होरक्या. बायानांनी गिरकी घेतली नाही तर मिरवणुकीच्या स्पर्धेचे पंच गुण कापतात, आणि यंदा गुण गेले की मंडळ खालच्या गटात जाणार होतं.

सांबाड्रोमचे व्यवस्थापक अदाल्बेर्तो यांनी परकर मोजून निर्णय दिला, की एवढी रुंद वस्तू वाहनांच्या फाटकातूनच जाईल. त्या फाटकातून फक्त वाहन जाऊ शकतं, तेव्हा परकर वाहन ठरला. मग ओघानेच नंबरपाटी आली, मागचा लाल दिवा आला, परवाना आला. सत्तरीतल्या दोना जुरेमा परीक्षेला बसल्या आणि पासही झाल्या. रिव्हर्स घेताना जरा कुंपणाला घासल्या, एवढंच. आम्ही मंडळवाल्यांनी तर पाटीला सोनेरी टिकल्याही लावल्या.

पण मार्ग एकदिशा होता, आणि एकदिशा मार्गावर वाहनाने तोंड फिरवणं गुन्हा.

"मग गिरकी कशी घेऊ?" दोना जुरेमांनी विचारलं.

"खुशाल घ्या. फक्त तोंड पुढेच ठेवा."

"अहो साहेब, मी बाई आहे, घुबड नाही."

"घुबडाचा अर्ज वेगळ्या खिडकीवर," अदाल्बेर्तो सहानुभूतीने म्हणाले.

मिरवणुकीच्या दिवशी दोना जुरेमा दिवा लावून, डावीउजवीकडे न बघता, सरळ चालत गेल्या. शिस्तीबद्दल टाळ्या पडल्या. मंडळ खालच्या गटात गेलं, हे निकालाआधीच सगळ्यांना कळलं. फार वाईट वाटलं.

बाहेर पडताच त्यांनी पाटी उपटून फेकली आणि जुन्या रस्त्याच्या मधोमध गिरकी घेतली. मग दुसरी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि परकर गरागरा फिरत होता. मागोमाग सगळ्या बायाना फिरू लागल्या. इतकी सुंदर गिरकी मी जन्मात पाहिली नव्हती.

तोवर तिकीट काढून आलेल्या सांबाप्रेमींच्या गाड्या बाहेर पडल्या आणि थांबल्या. आमच्याच मंडळाचा सदरा घातलेल्या एकाने काच खाली केली.

"आजी, याच्यासाठी एवढं सांबाड्रोम बांधलंय ना?" असं म्हणून त्याने हॉर्न दाबला. मागच्या सगळ्यांनी दाबला.

त्या रांगेत तुमची गाडी असती आणि घरी घेवडा-भात निवत असता, तर तुमचा हात कुठे गेला असता?