कांबेचोवानीची पाटी

पाटीवरची म्हैस पाहून नातेला खूश झाली. नवरा गेल्यावर शिराकीच्या माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं राहतं घर तिनं पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडलं होतं. हा मुलूख पूर्वी कांबेचोवानी म्हणून ओळखला जाई, म्हणून घरालाही तेच नाव. जॉर्जियन भाषेत कांबेची म्हणजे म्हैस. तेव्हा शेजारच्या आर्मेनियन आर्ताशनं नावाखाली एक गुटगुटीत म्हैस काढून दिली होती. तिबिलिसीहून पहिले पाहुणे आज दुपारी यायचे होते.

तेवढ्यात तिचा दीर गुराम आला. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला माणूस.

"वहिनी, म्हैस कशाला?"

"मुलखाचं नाव म्हशीवरूनच ना पडलं, भावजी?"

"छट्! इराणच्या कंबुजीय राजावरून."

"राजा इथं आला होता का?" आर्ताशनं शिडीवरून विचारलं.

"मग म्हैस तरी कुठून आली होती?"

"म्हैस आजही आहे. राजा दाखव!"

भांडण नको म्हणून नातेलानं म्हैस पुसायला सांगितली. आर्ताशनं पुसली, पण हात लागून निम्मं नावही गेलं. ते पुन्हा लिहिताना तो म्हणाला, "आता नीटच लिहितो. कांबेचान. आमचे लोक तसंच म्हणायचे."

"तुमचे लोक? तुम्ही कधी होतात इथं?"

"तुमच्याआधी!"

गुरामनं शिडी धरून हलवली. पांढऱ्या रंगाचा डबा कलंडला आणि पाटी वरपासून खालपर्यंत कोरी झाली.

"झालं समाधान?" नातेला रडकुंडीला आली. "आता पाहुण्यांना घर कसं सापडायचं?"

पण पाहुण्यांनी आरडाओरडा ऐकूनच गाडी थांबवली होती. लिया आणि तिचा नवरा नोदार उतरले तरी भांडणाऱ्या दोघांना भान नव्हतं. नातेलानं लाजेनं चूर होऊन सगळ्यांनाच अंगणातल्या मेजाशी बसवलं. चीज भरलेली गरम खाचापुरी आली, घरची वाइन आली. आता तरी तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं. वाइननं ती जास्तच उघडली.

"पण इथले मूळचे लोक म्हणजे कॉकेशसमधले ते प्राचीन अल्बानी ना?" लियानं सहज विचारलं.

दोघेही तिच्याकडे वळले.

"अल्बानी म्हणजे मूळचे आमचेच!" दोघे एका सुरात म्हणाले, आणि मग एकमेकांकडे असे पाहू लागले की नोदारला हसता हसता ठसका लागला.

संध्याकाळी लिया स्वयंपाकघरात आली. नातेलानं माफी मागायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "आम्ही अजून दोन दिवस राहू म्हणतो. अशी करमणूक तिबिलिसीत मिळत नाही. उद्या ते दोघे येणार ना?"

"येणार म्हणजे? येणारच!"

सकाळी नातेला अंगणात आली, तर गुराम आणि आर्ताश गळ्यात गळा घालून बसलेले. "वहिनी," गुराम गहिवरून म्हणाला, "आम्ही ठरवलं, नाव कुणाचंही असो, माती दोघांची."

"खरंय," आर्ताशनं डोळे पुसले.

वर खिडकी उघडली. लिया आणि नोदार उत्सुकतेनं वाकून बघत होते. खाली मात्र सगळं शांत.

नातेलानं चहा आणला. आर्ताशपुढे पेला ठेवताना ती त्याच्या कानाशी वाकली.

"आर्ताशदादा, राग मानू नकोस. पण काल भावजी म्हणत होते, तुझी पणजी जॉर्जियन होती म्हणे."

आर्ताशनं गुरामच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

नातेला पाव भाजायला आत गेली.